कोपरा फाटलेलं कार्ड

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की अजून माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, जळालेल्या सुना पाहिल्या. तो राग काळानुसार कमी झाला. हा झाला नाही. त्यात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, तरी झाला नाही.

मी सातवी पास. माझ्या वेळी तेवढ्यावर बायकांना पोलिसात घेत. या प्रकरणाच्या वेळी मी हवालदार होते आणि कडेगाव भागात नेमणूक होती. ठाण्यात बाईमाणसाचा अर्ज आला की तो न वाचता माझ्या टेबलावर टाकायची पद्धत होती. हाही तसाच आला.

अर्जदार म्हसवडला दिलेली म्हातारी होती, माहेर आमच्या हद्दीतलं. वय ऐंशीच्या आसपास, पायांत टायरच्या चपला, हातात एक छापील पुस्तिका. पुस्तिका तिच्या चुलतभावाच्या मुलाने काढली होती. तो हायस्कूलचा निवृत्त हेडमास्तर. घरात सापडलेल्या पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या पोस्टकार्डांवरून त्याने घराण्याचा इतिहास लिहिला होता आणि गावच्या जत्रेत घरोघर वाटला होता. लोकांनी कौतुक केलं, हार घातले. म्हातारीला वाचता येत नव्हतं. सुनेनं वाचून दाखवलं, तेव्हा तिला कळलं की आपण आपल्या बापाची लेक नाही.

भानगड अशी होती. तिचा बाप पलटणीत होता. पहिल्या जर्मन लढाईत बसऱ्याकडे गेला, मध्ये एकदा रजेवर घरी आला, परत गेला तो आलाच नाही. जिवंत आहे की मेला, काहीच कळलं नाही. त्या रजेनंतर ही जन्मली. आणि पुस्तिकेत एका कार्डाचा फोटो होता, सोबतच्या शिपायाने हेडमास्तराच्या आजोबांना, म्हणजे बापाच्या थोरल्या भावाला लिहिलेल्या, की तुमचा भाऊ लढाईत कामास आला. कार्डावर जे साल होतं ते म्हातारीच्या जन्माच्या दोन वर्षं आधीचं. बाकीचं लोकांनी बोटांवर मोजावं, अशी व्यवस्था.

"बाई," ती मला म्हणाली, "मला भर चौकात चपलीनं हानलं असतं तरी चाललं असतं. ह्येनं माझ्या मेलेल्या आईला बाजारात उभी केली. ती मरंस्तवर कपाळाला कुकू लावत हुती. कार्ड आलं न्हाई म्हणून लावत हुती."

साहेब हसले. "बाई, हे दिवाणी आहे. कोर्टात जा म्हणावं."

ठाणे अंमलदाराने त्यांच्यावर कडी केली. "का हवालदार, आता पोस्टमनला अटक करायची व्हय?"

सगळे हसले. मी अर्जाला आवक क्रमांक टाकला आणि चौकशीला घेतला. हसणाऱ्यांना मी नोकरीत एकच उत्तर दिलं, ते म्हणजे कागद पुढे चालवणे.

हेडमास्तराला हे आताच का सुचलं, ते शोधायला दोन चहा पुरले. घराण्याच्या रानाला नुकतंच कॅनॉलचं पाणी आलं होतं. म्हातारीच्या मुलांनी आजोबांचा हिस्सा मागितला होता. तोवर पडीक रानाची आणि म्हातारीच्या आईच्या चारित्र्याची कुणाला पर्वा नव्हती.

तीन-चार दिवसांनी ठाण्यात फोन आला. मीच उचलला. बाईचा आवाज, म्हातारा, घाईतला. "त्ये कार्ड खोटं हाय. सांगलीत शिक्कं करत्यात तितं इचारा." नाव विचारलं तर फोन ठेवला. मी सांगलीला जाऊन शिक्के करणाऱ्यांची दुकानं पालथी घातली. "बाई, रोज इतके गोल शिक्के करतो, कुणाकुणाचं ध्यानात ठेवू?" हेच सगळीकडे. खबर खरी वाटत होती, पण नुसत्या खबरीवर कुणाला हात लावता येत नव्हता.

मग हेडमास्तराला मूळ कार्डं घेऊन बोलावलं. तो सूटकेस घेऊन ऐटीत आला. बसा म्हणायच्या आधी खुर्चीत बसला.

"तुमचं शिक्षण किती?" त्याने मला विचारलं.

"सातवी."

"मग ही अक्षरं तुम्हाला जड जातील. जुनं वळण आहे."

"जड गेलं तर तुम्ही आहात की."

कार्डं मी दोन दिवस माझ्या ताब्यात ठेवली आणि एकेक वाचली. बैलाचा सौदा, जोंधळ्याचा भाव, मुलगी दाखवायला कधी आणता. लग्नाच्या कार्डांच्या कोपऱ्यांना हळद अजून दिसत होती. सगळी कार्डं पुरुषांनी पुरुषांना लिहिलेली. बायकोला कुणी लिहीत नव्हतं. फार तर शेवटी एक ओळ, घरच्या मंडळींस आशीर्वाद. एका घराची एवढी वर्षं त्या गठ्ठ्यात होती आणि तिथल्या एकाही सुनेचं नाव त्यात नव्हतं. अशा कागदांवरून हा माणूस एका बाईचा न्याय करायला निघाला होता.

आणि ते एक कार्ड. डोक्यावर श्री नाही, एक कोपरा फाडलेला. मयताचं कार्ड असंच असतं. पोस्टमनने ते हातात दिलं की फाटका कोपरा बघून घरात रडारड सुरू व्हायची. लहानपणी आमच्या आळीत वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे अशी कार्डं मी पुष्कळ वाचली होती. म्हणूनच या कार्डात काहीतरी खटकत होतं. तिसऱ्या दिवशी त्याला समोर बसवलं.

"तुमच्या पुस्तकात लिहिलंय, मानमोडीच्या तापाच्या साथीत तुमचे पाहुणे गावोगाव मेले. कराडची आत्या, वाईचे मामा."

"हो. फार करुण प्रकरण आहे ते."

"त्यांची कार्डं या गठ्ठ्यात नाहीत."

तो माझ्याकडे बघून हसला, वर्गातल्या ढ पोरीकडे बघून हसावं तसा. "तशी कार्डं ठेवत नसत, बाई. दारातच वाचायची, फाडून टाकायची, आंघोळ करूनच घरात यायचं. रूढी होती ती."

"मग हे एकच कसं राहिलं?"

हसू गेलं. शिक्षकी डोकं होतं, सावरला. "हे आजोबांनी लपवलं. धाकट्या भावजयीला धक्का बसू नये म्हणून. पुढे तिचं ते... प्रकरण झालं. घराची अब्रू म्हणून बोलले नाहीत."

"लपवलं कुठं?"

"देवाच्या पेटीत. देवांच्या खाली."

मी ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला अडवायचं नाही. बोलू द्यायचं, लिहायचं आणि सही घ्यायची.

आता हेडमास्तराच्या आईचा जबाब घ्यायचा होता; म्हाताऱ्या बाईला ठाण्यात बोलवत नाहीत, आपण जायचं असतं. दुसऱ्या दिवशी मी साडी नेसून हेडमास्तराच्या घरी गेले. त्याची आई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. ती त्या घरात सून म्हणून आली तेव्हा शिपायाची बायको, म्हणजे तिची चुलत सासू, हयात होती. मी पोराचा जबाब काढला आणि तिला वाचून दाखवला. तो दारात उभा होता.

वाचता वाचता देवाच्या पेटीचा उल्लेख आला आणि तिचा हात थांबला.

"काय म्हणालीस? कुटं ठेवलं?"

"देवाच्या पेटीत. देवांच्या खाली."

"मयताचं कार्ड? देवाखाली?" ती पोराकडे वळली. "आरं भाड्या, तुझा आजा पूजा केल्याबिगार पाणी पीत नव्हता. भावाचं सुतक न धरता त्यो देवाला शिवला म्हणतोस? सख्ख्या भावाला पित्राचा घास न ठेवता जेवला म्हणतोस?"

"आई, तुला यातलं कळत नाही. तू गप बस."

"मला कळत न्हाई? तुझी चुलत आजी गेली तवा तिला न्हाऊ कुणी घातलं? म्या घातलं. हिरवं लुगडं म्या नेसवलं. मळवट म्या भरला. साऱ्या गावाच्या बायांनी सवाष्ण म्हणून तिची वटी भरली. ती रांड हुती, आन् आमी समद्या आंधळ्या हुतो व्हय रं?"

"आई, गप!"

"लय गप बसले. गप बसले म्हणून त्या वाण्याच्या दुकानातनं चोरून फोन करायची पाळी आली माज्यावर."

तेव्हा मी तो आवाज ओळखला. चहाच्या पाण्यात भिजवून वाळत घातलेली कोरी कार्डं तिने माडीवर पाहिली होती, सांगलीहून करून आणलेला शिक्काही पाहिला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण वाळत घातलेलं खोटं ओळखायला अक्षरं लागत नाहीत.

हेडमास्तर उंबऱ्यावरच बसला आणि कबूल झाला. राजाच्या तोंडाचं तिकीट छापलेली कोरी कार्डं त्याने सांगलीतल्या जुन्या सामानवाल्याकडून घेतली होती. बोरूने लिहिलं, शिक्का मारला, आणि अस्सल दिसावं म्हणून कोपराही फाडला. अर्धी रूढी त्याला चांगली पाठ होती. शिक्का त्याच्याच कपाटात सापडला. पंचनामा केला, साहेबांनी गुन्हा दाखल केला. आता ठाण्यात कुणी हसलं नाही. साहेबांनी वर्तमानपत्रवाल्यांना स्वतः माहिती दिली. "साहेबांनी कौशल्याने छडा लावला" असं छापून आलं. छापू दे.

खटला वर्षानुवर्षं चालला. शिक्षा झाली, ती त्याच्या वयाकडे बघून किरकोळ. त्याच्या सत्काराला गेलेल्यांपैकी एकही माणूस म्हातारीच्या दारात जाऊन चुकलो म्हणाला नाही. या लोकांचा राग मला त्याच्याहून जास्त आहे. ते फोटोतलं कार्ड गावातल्या शंभर घरांत गेलं होतं, आणि फाटका कोपरा बघून त्यांतल्या एकालाही, हे घरात राहिलं कसं, असा प्रश्न पडला नाही. पडला असेल तर त्याने तो गिळला. बाईचं वाईट ऐकायला मिळतंय म्हटल्यावर माणसं स्वतःच्या घरची रीतसुद्धा विसरतात, हे मला या प्रकरणाने शिकवलं. हल्ली कुणी मला कौतुकाने घराण्याचे जुने कागद दाखवतं, तेव्हा मी आधी विचारते, तुमच्या आज्या-पणज्यांची नावं यात कुठं आहेत? बहुतेकांचे चेहरे पडतात.

निकालानंतर खोटं कार्ड नष्ट करायचा कोर्टाचा हुकूम होता. जाळावं की फाडावं हे हुकमात नव्हतं. मी त्याच दिवशी म्हातारीला बोलावून घेतलं. ती आली, आणि तिच्यासोबत हेडमास्तराची आईही काठी टेकत आली. पोराच्या घरातून ती तेव्हाच बाहेर पडली होती आणि नणंदेकडे, म्हणजे म्हातारीकडेच, म्हसवडला राहत होती. पंचांसमोर कोर्टाच्या आवारात मी ते कार्ड म्हातारीच्या हातात ठेवलं. तिने बारीक तुकडे होईपर्यंत फाडलं आणि कंपाउंडच्या बाहेर टाकलं.

भावजय सवयीने म्हणाली, "चला वन्सं, नळावर डोस्क्यावनं पाणी घिऊ, मग यष्टीत बसू."

म्हातारीने पदराला हात पुसले.

"पानी कशाला वैनी? कोन मेलंय?"