सशामागे गोविंदरावांचे कुत्रे

कुत्र्याच्या अंगावरचा एक गोचीड काढला की कानामागे दुसरा दिसतो. तो काढेपर्यंत शेपटीखाली तिसरा! गोविंदरावांच्या किश्श्यांचं असंच आहे. मी एक सांगायला बसलो की बायको आतून म्हणते, "झालं, आता चहा दोनदा ठेवावा लागन!" तिला तसं म्हणायचा हक्क आहे. गोविंदराव तिचे सख्खे मोठे भाऊ.

सत्तरच्या दशकात मी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला होतो, राहायला क्वार्टर. माझ्याच सेक्शनला रामटेके होता. बोलणं मोजकं, पण त्याच्याकडे राजदूत मोटरसायकल होती. रविवार आला की आम्ही दोघं राजदूतवर बसून आंधळगावला, गोविंदरावांकडे. धानाची कापणी झाली की बांधांवरच्या गवतातून ससे उठायचे, आणि गोविंदरावांना ध्यास एकच. सशाला गाठेल असा कुत्रा आपण स्वतः तयार करायचा!

"गावठी कुत्र्याले नाक हाये, दम हाये, पन पाय नाही," ते म्हणायचे. "त्या लंब्या शिकारी कुत्र्याले पाय हाये, पन काटा रुतला का रडते. दोघायचं मिळून एक पाहिजे, जवाईबापू!"

*

गावठी बाजू घरचीच होती. चिमणी नावाची पिवळी कुत्री. पायवाल्या बाजूसाठी भंडाऱ्यात एक स्थळ कळलं. फौजेतून रिटायर झालेले एक सुभेदारसाहेब, त्यांच्याकडे सुलतान नावाचा उंचपुरा, पोट आत गेलेला शिकारी कुत्रा.

गोविंदराव चिमणीला न्हाऊ घालून एस.टी.त बसले. मी सोबत. कंडक्टर म्हणाला, "कुत्री घेऊन कुठं?"

"पोरगी दाखवाले नेऊन राहिलो," गोविंदराव गंभीरपणे म्हणाले. "आमी दोघं वऱ्हाडी. तिकीट फाडा!"

कंडक्टरनं हसत फाडलं. पण खरी परीक्षा पुढेच होती. सुभेदारसाहेबांनी चिमणीला अंगणात चालवून पाहिलं, दात पाहिले, छाती चाचपली. मग खुर्चीवर बसून मिशीवर हात फिरवत म्हणाले, "वो सब ठीक है. खानदान सांगा. हिची आई कोण, बाप कोण?"

"माय घरचीच होती, साहेब. लय इमानदार."

"आणि बाप?"

गोविंदरावांनी डोकं खाजवलं. "आता कसं सांगू साहेब... गाव मोठं हाये!"

सुभेदारसाहेब इतके हसले की सोयरीक तिथल्या तिथे पक्की झाली.

*

चिमणीला पिल्लं झाली. आता त्यातलं निवडायचं कसं? गावात ज्याला त्याला अक्कल! कोणी म्हणे मानेला धरून उचला, रडणार नाही ते ठेवा. कोणी म्हणे ज्याच्या टाळूचा रंग काळा ते ठेवा. गोविंदरावांनी आपलीच रीत काढली. पिल्लं अंगणात झोपलेली असताना त्यांनी मागून पितळेची परात फरशीवर धाडकन् आपटली.

सगळी पिल्लं केकाटत चिमणीच्या पोटाखाली शिरली. एकच पांढरं पिल्लू जागचं हललं नाही. नुसती कूस बदलली आणि परत झोपलं!

"पाहा! पाहा हिंमत!" गोविंदराव नाचायचेच बाकी होते. "बंदुकीचा आवाज झाला तरी हा डगमगनार नाही!"

त्याचं नाव ठेवलं कर्नल. त्याला दूध वेगळं, गोणपाट वेगळं. बाकीची पिल्लं वाटून टाकली. एक बारकी मादी तेवढी गोविंदरावांच्या बायकोनं, सरूवहिनींनी ठेवून घेतली, का तर ती त्यांच्या चुलीपाशी येऊन बसायची. तिचं नाव बिजली.

कर्नल मोठा झाला, देखणा झाला. पण हाक मारली तर यायचा नाही. गोविंदराव म्हणायचे, "मोठ्या मानसाचा सभाव हाये." शिट्टी मारली तरी तेच. एका रविवारी रामटेके बराच वेळ त्याच्या मागे उभा राहिला, टाळ्या वाजवल्या, राजदूतचा हॉर्न वाजवला. मग शांतपणे म्हणाला, "गोविंदभाऊ, तुमचा कर्नल शूर नाही. बहिरा हाये!"

गोविंदरावांनी पुन्हा परात आपटून पाहिली. जेवताना मात्र एकदम म्हणाले, "पन झोप कशी शांत लागते ना त्याले!"

*

आमच्या कारखान्यातल्या एका साहेबांनी विलायतेतली गोष्ट सांगितली आणि रामटेकेनं ती आंधळगावात नेली, ही चूक झाली. तिकडे म्हणे फेरेट नावाचा एक लांब, सडपातळ प्राणी पाळतात. तो सशाच्या बिळात सोडायचा. घाबरून ससे दुसऱ्या तोंडानं बाहेर येतात. तिथे जाळं लावलेलं आणि कुत्रे तयार!

गोविंदरावांचे डोळे चमकले. "लांब, सडपातळ... म्हंजे मुंगूसच ना बे!"

मी म्हटलं, "भाऊ, विलायतेतला ससा बिळात राहतो. आपला तर गवतात, उघड्यावर बसतो."

"एखादा तं राहत असन!"

शेजारच्या आळीत एकानं लहानपणापासून मुंगूस पाळलं होतं. ते मागून आणलं. तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, एक मोठं बीळ हेरलं. दुसऱ्या तोंडाशी जाळं, जाळ्यामागे कर्नल, बिजली आणि आम्ही तिघं. मुंगूस आत गेलं. आम्ही श्वास रोखून बसलो.

आत खसफस झाली. बिजलीनं कान टवकारले. गोविंदराव कुजबुजले, "आला... आला..."

आणि जाळ्यात येऊन पडली ही भली थोरली धामण! मागोमाग मुंगूस. जाळ्यात दोघांचं असं काही जुंपलं की जाळंच आमच्याकडे यायला लागलं. बिजली पळाली. आम्ही पळालो. रामटेके राजदूतला किक मारतोय, ती सुरू होत नाही. कर्नलला काही ऐकू आलं नव्हतं, म्हणून तो तेवढा जागेवर शेपटी हलवत उभा!

दम खाऊन झाल्यावर गोविंदराव म्हणाले, "तुमच्या साहेबाची पद्धत बराबर हाये. जनावर तेवढं दुसरं निंगालं."

*

ससा मारायलाही कायद्यानं बंदी आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कळलं तेही फॉरेस्ट गार्ड दारात येऊन उभा राहिला तेव्हा. तोपर्यंत ऐंशी साल उलटून गेलं होतं.

गार्डनं अंगणातल्या कुत्र्यांकडे पाहिलं. "हे शिकारीचे कुत्रे आहेत म्हणे?"

"कोन म्हनते?" गोविंदराव म्हणाले. "धानाच्या राखनीचे हायेत. शिकार त्यायले मालूमच नाही."

"अस्सं," गार्ड हिरमुसला. "मला वाटलं जातिवंत असतील. मी तर घरी एखादं चांगलं पिल्लू न्यावं म्हणून आलो होतो. जाऊ द्या."

झालं! गोविंदरावांना राहवेना. रामटेकेनं त्यांचा पाय दाबला, मी खोकलो. उपयोग नाही.

"जातिवंत नाही? अहो साहेब, बसा! यायच्यासारखे कुत्रे मोहाडी तालुक्यात दाखवा. ससा उठला का तो बांध ओलांडाच्या आत..."

गार्ड खाली बसला आणि खिशातून पेन काढला. "हां, सांगा. मग काय होतं?"

गार्डनं चांगला दम भरला, पुन्हा शिकार केली तर केस करीन म्हणाला. सरूवहिनींचा चहा प्याला. आणि जाताना बिजलीचं एक पिल्लू खरंच घेऊन गेला!

त्या दिवसापासून आमची शिकार बंद. कुत्रे खरोखरच राखणीला लागले. रानडुकरं त्यांना भिऊन असायची, आणि गोविंदराव त्यातच सुखी होते.

*

बिजलीचा किस्सा त्याच्या बराच आधीचा.

कर्नलचं तसं निघाल्यावर सगळ्यांचं लक्ष बिजलीकडे गेलं. दोन वर्षांची झाली तेव्हा तिला नाक आईचं होतं आणि पाय सुलतानचे. गोविंदरावांना हवा होता तोच हा कुत्रा, चुलीपाशी आपोआप तयार झालेला! ही बातमी भंडाऱ्याला पोचली. सुभेदारसाहेबांचा निरोप आला, "येतो. पाहतो. पसंत पडली तर घेऊन जातो." नर त्यांचा, म्हणून एका पिल्लावर हक्कही त्यांचा, तेव्हा नाही म्हणायला जागा नव्हती.

साहेब आले त्या दिवशी सरूवहिनींनी बिजलीला दूधभात दिला आणि आत निघून गेल्या. रामटेके धरून आम्ही चौघं शेताकडे निघालो. वाटेत गोविंदराव माझ्या कानाशी म्हणाले, "जवाईबापू, आज ससा नाही उठला तं बरं होईन."

पण उठला. अगदी पायाजवळून! बिजली बाणासारखी सुटली. कापलेल्या धानाच्या वावरांमधून ससा वळणं घेतोय, बिजली प्रत्येक वळणाला जवळ जातेय. सुभेदारसाहेब ओरडले, "शाब्बास बेटी!" गोविंदरावांनी डोळे मिटून घेतले.

आणि पुढच्या गवतात दोघंही एकदम दिसेनासे झाले.

धावत गेलो तर गवतात जुनी विहीर, काठ न बांधलेली. आत डोकावलो. खाली पाणी, आणि बिजली कडेकडेनं पोहत दगडांना पंजे मारतेय. शेवटी एका बाहेर आलेल्या दगडावर ती कशीबशी चढली आणि थरथरत उभी राहिली. ससा पाण्यात गटांगळ्या खात होता. तोही त्याच दगडाकडे आला, आणि जागा नव्हती म्हणून तिच्या पुढच्या दोन पायांच्या मधे शिरला. बिजलीनं मान खाली करून पाहिलं, आणि मान वर केली.

"मी उतरतो!" गोविंदराव सदरा काढायला लागले.

रामटेकेनं त्यांना मिठी मारून धरलं. "पोहता येते का तुमाले?"

"नाही येत. तरी सोड मले! पोरगी मरन ना बे!"

ते रडत होते. मी खळ्यावर धावलो, दोर आणि मोठा टोपला घेऊन आलो. टोपला दगडापाशी सोडला. आधी ससा उडी मारून आत बसला. मग बिजली आली. आम्ही चौघांनी मिळून ओढलं. टोपला हळूहळू वर आला आणि त्यात दोघं अंगाला अंग लावून बसलेले!

वर येताच ससा उतरला. थोडा पुढे गेला, बांधावर थांबला, आणि भिजलेल्या अंगानं मागे वळून बसला. बिजली अंग झाडून त्याच्याकडे पाहत उभी.

"छू!" सुभेदारसाहेब ओरडले. "बिजली, छू! पकड!"

बिजली गोविंदरावांच्या पायाशी येऊन आडवी झाली. ससा सावकाश निघून गेला.

साहेबांना काही कळेना. "अरे, हिला झालं तरी काय?"

गोविंदराव खाली बसले होते. तिचे कान धोतराच्या सोग्यानं पुसता पुसता म्हणाले,

"काही नाही साहेब. वळख झाली!"