पाठ असलेल्या सूचना

रविवारी सकाळी सात ते नऊ, एवढाच वेळ मिळायचा. तेवढ्यात सर्व्हर बंद करायचा, पॅच, म्हणजे दुरुस्तीचा छोटा प्रोग्राम, लावायचा आणि पुन्हा चालू करायचा. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघणाऱ्या केअरर्सचं ॲप त्यावर चालायचं. बरोबर नऊला त्यांच्या फोनवर यादी यायची: कुणाकडे जायचं, कुठलं औषध द्यायचं, दाराजवळच्या किल्लीच्या पेटीचा कोड काय.

माझी बायकोही केअरर. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या स्वयंपाकघरात टेबलाच्या एका टोकाला माझा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला ती, युनिफॉर्म घालून चहा पीत बसलेली.

आमच्या टीमची पद्धत अशी की एकाने सूचना मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्याने टाइप करायचं. वाचणारी सहकारी ब्रिस्टलहून फोनवर होती. जन्म इथलाच, घरी मराठी, कामात माझ्याइतकीच पक्की. पण सूचना मीच लिहिलेल्या. माझंच मला वाचून दाखवायचं म्हणजे अतीच झालं. राहू दे, म्हटलं, पाठ आहे मला.

हा सर्व्हर म्हणजे एक झिप फाइल उलगडून ठेवलेला फोल्डर. म्हणून पॅच लावण्याआधी त्या फोल्डरची कॉपी काढायची. बिघडलंच तर ती वापरायची. मी कॉपी केली, नीट झाली का ते आत जाऊन बघितलं, आणि तिथूनच पॅच चालवला. कुठल्या फोल्डरला लावायचा, असं त्याने विचारलं. मी न वाचता एंटर दाबलं. काम झालं, असा मेसेज आला, पण सर्व्हरचं व्हर्जन जुनंच दिसत होतं. मी वैतागलो आणि या वेळी सर्व्हरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता देऊन पॅच पुन्हा लावला.

सर्व्हर सुरूच होईना. पॅच आमच्या व्हर्जनचा नव्हता. ते तपासणं ही माझ्याच सूचनांमधली पहिली पायरी. कॉपी जागेवर आणली, तर तीही सुरू होईना. तेव्हा कुठे लक्षात आलं. पहिल्या वेळी मी कॉपीच्या आतून नुसतं एंटर दाबलं, म्हणून पॅच कॉपीलाच लागला होता. आता धड असं काहीच उरलं नव्हतं, आणि साडेआठ वाजून गेले होते.

"आज पहिले ते दृष्टी गेलेले आजोबा असणार," बायको म्हणाली. "कालच त्यांचा कोड बदललाय. यादी आली नाही तर मी बाहेर आणि ते आत, उपाशी."

मी फोनवर ओरडलो, जरा गप्प बस म्हणून. सहकारी मघापासून गप्पच होती. मला मनापासून भीती वाटत होती, आणि ती मी तिच्यावर काढली.

ती शांतपणे म्हणाली, "काका, ओरिजिनल झिप आहे माझ्याकडे. सेटिंग्जपण. तुमच्या नोट्समध्ये स्टेप टू आहे ना, झिप आणि सेटिंग्ज वेगळं सेव्ह करायचं. मी केलं."

"वाच," मी म्हणालो.

ती एकेक ओळ वाचत गेली, मी टाइप करत गेलो. नऊला चार मिनिटं कमी असताना सर्व्हर पॅचशिवाय, जुन्याच व्हर्जनवर सुरू झाला. नऊला बायकोचा फोन वाजला. तिने यादी बघितली, गाडीची किल्ली उचलली आणि काय झालं होतं म्हणून विचारलं.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "हिच्यामुळे निभावलं."

"मग मला काय सांगतोस? तिला सांग," असं म्हणून ती निघाली.

फोन चालूच होता. सहकारी सगळं ऐकत होती. तरीही मी तिला ते पुन्हा सांगितलं.