पिशवीचं तोंड

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळ्या काजवाली म्हणत. अठरा वर्षं ती एकाच मशीनवर काजं करत आली होती. गर्भाशयातल्या गाठींमुळे दोन वर्षं रक्त जाऊन जाऊन ती पांढरीफटक पडली, तेव्हा कुठे ऑपरेशन झालं. "पिशवी काढली, आता सुटलीस," नवरा म्हणाला. तिलाही वाटलं, सुटले बाई एकदाची.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा डाग दिसला. दोन दिवस राहिला, गेला. पुढच्या महिन्यात त्याच सुमारास परत. नणंदेला सांगितलं, तर ती म्हणाली, "वहिनी, पिशवी नाही तर पाळी कुठून येते? नक्की काढली ना, की नुसतंच पोट फाडून शिवलं?"

तिने ते हसण्यावारी नेलं, पण मनात किडा शिरला तो शिरलाच. पाळी आहे म्हणजे दिवसही राहू शकतात. धाकटीचं बारावीचं वर्ष, आपण बेचाळीस वर्षांच्या. या वयात पाळणा हलला तर लोक तोंडात शेण घालतील. तिने गुपचूप मेडिकलमधून दिवस न राहण्याच्या गोळ्या आणल्या आणि पाच महिने घेतल्या. मळमळायचं, डोकं जड व्हायचं. तरी धाकधूक जाईना. नवरा जवळ आला की ती पाठ फिरवायची. कारण सांगायचंही जिवावर यायचं.

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती एकटीच दवाखान्यात गेली. दीड तास बाकावर बसल्यावर नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, जुनी फाईल चाळली.

"पिशवीचा वरचा भाग काढलाय, खालचं तोंड ठेवलंय. तिथे आतलं अस्तर जरासं राहिलं, की दर महिन्याला थोडं रक्त जातं."

"अस्तर," ती म्हणाली. "उसवल्यावर शिवणीपाशी चिकटून राहतं, तसं."

"अगदी तसं."

"आणि दिवस राहिले तर? त्या भीतीने गोळ्या घेतेय मी."

"गर्भ वाढायला पिशवीच उरली नाही. त्या गोळ्या आजपासून बंद. पण तोंड आहे, तेव्हा त्याची तपासणी ठरल्या वेळी करायची. रक्त वाढलं किंवा मध्येच गेलं तर लगेच यायचं. फारच त्रास वाटला तर त्यावर उपाय आहेत."

"मला हे कुणी सांगितलंच नाही."

"तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं. ही बघा त्यांची सही."

घरी नवरा जेवून उठत होता. तिने उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

तो परत खाली बसला. "अर्धीच काढली म्हटलं असतं तर तू घाबरली असतीस. तेव्हा तुझ्यात जीव तरी होता का?"

"पाच महिने गोळ्या गिळल्या मी."

"कसल्या गोळ्या?"

तिने सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं. "मला वाटलं, तुझं मनच उडालं माझ्यावरून."

भांडायचं त्राण दोघांतही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "यापुढे माझ्या अंगाचं आधी मला कळायला हवं."

डाग अजून येतो. त्या दोन दिवसांत मशीनवर कंबर धरते, आणि थकवा म्हणाल तर पुरता गेलेला नाही. गेल्या तपासणीला नवरा बरोबर आला होता. नर्सने दोघांना आत बोलावलं, तेव्हा तो उठला नाही. त्याने आधी हिच्याकडे बघितलं.

"या," ती म्हणाली.