शेटजी कुठं संपतात

सिंदीच्या आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक कुंचला शर्टाच्या बाहीलाच पुसत. डाव्या बाहीवर कायम एक ढगाळ संध्याकाळ असे. पोरं त्यांना ओघळ मास्तर म्हणत.

नव्वदच्या आसपास नागपूरच्या रद्दीत त्यांना एका अमेरिकन जलरंग चित्रकाराचं पुस्तक सापडलं. इंग्रजी त्यांचं माझ्या चित्रकलेइतकंच. तरी त्या माणसाच्या नावावर ते काहीही ठोकून देत. "आपला अमेरिकन म्हणते, रंगाले गावभर फिरू द्या, घरी येतेच तो." त्यांचा रंग क्वचितच घरी येई. म्हैस जांभळी, तिची सावली हिरवी, आणि दोघी मिळून नाल्यातून वाहत चाललेल्या.

पालक माझ्याकडे तक्रार आणत. "सर, हे मास्तर पोराले चित्र शिकवून राह्यले का कपडे धुवून राह्यले?" मी मुख्याध्यापक, मूळचा भूमितीचा. तोच विनोद मी शिक्षकांच्या खोलीत मास्तरांना ऐकवी. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसत.

संस्थेचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी. शाळेचं छप्पर त्यांच्या मर्जीवर उभं. सभागृहासाठी त्यांचं चित्र हवं होतं. मास्तरांनी शेटजींना कापसाच्या गंजीला टेकवून बसवलं. चार ओल्या डागांत चेहरा असा उतरला, की तो मलाही ओळखू आला. पण धोतर, सदरा आणि कापूस? नुसता कोरा कागद.

"हे रंगवायचं राहिलं," मी म्हणालो.

"पांढरं रंगवत नसते, सर. पांढरं सोडा लागते."

"अहो, पण शेटजी कुठं संपतात आणि कापूस कुठं सुरू होतो, तेच कळत नाही!"

"गावाले तरी कुठं कळते?"

चित्राच्या अनावरणाच्या सकाळी, शेटजी बिथरतील या धास्तीनं मी लवकरच सभागृहात गेलो. मास्तर यायच्या आत मी काळी शाई घेतली आणि शेटजींभोवती रेघ मारून त्यांना कापसातून बाहेर काढलं.

पडदा सरकला. शेटजी खूश. माइकवरूनच म्हणाले, "मास्तर सुधरले बरं का!" टाळ्या पडल्या. मास्तर चित्राकडे बघत उभे. आता बोलतात, या भीतीनं मी हार नीट करण्याचं नाटक करू लागलो. ते माझ्या कानाशी आले.

"पोटाले कंपास लावला वाटते, सर?"

एवढंच. कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही.

त्यानंतर 'आपला अमेरिकन' पुन्हा कधी काही म्हणाला नाही. मास्तर फळ्यावर मडकं काढून देत, पोरं ते रेषेत रंगवत, पालक समाधानी. निवृत्तीनंतर ते तळेगावला मुलीकडे गेले आणि तिथंच वारले. आमच्या शोकसभेत एक वक्ता म्हणाला, "शेवटी मास्तरांना रेषेचं महत्त्व पटलं." अध्यक्षस्थानी मी होतो. मी गंभीरपणे मान हलवली.

चित्र अजून तिथंच आहे. खिडकीच्या उन्हानं रंग उडाले, चेहरा गेला. उरलंय एक काळं, गोल पोट. आत कोरा कागद, बाहेरही कोरा कागद.

खाली सही मास्तरांची आहे. रेघ माझी आहे.