पगार वजा हप्ता

दुधगावच्या मगदूमांच्या घरी पिण्याचं पाणी अजूनही फडक्यातून गाळतात. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, असं आईनं सांगितलं तेव्हा कीर्ती पाच-सहा वर्षांची असेल. त्या दिवशी ती ओलं फडकं उन्हाकडे धरून कितीतरी वेळ बघत बसली होती.

सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. सांगलीत झालं, फारशा खर्चाशिवाय. एम.एस्सी.ला मात्र तिला पुण्यातलं एक खासगी कॉलेजच हवं होतं. वडील जिनपाल यांचं गावात कापडाचं दुकान. कर्जाच्या कागदावर सही करताना त्यांनी एवढंच विचारलं, “बाळ, ह्यात फुडं पगार किती हाय?”

“चांगला असतो, अण्णा,” कीर्ती म्हणाली. खरं तर तिनं तो आकडा कधी कुणाला विचारलाच नव्हता.

कर्ज चार लाखांचं. शिकून होईपर्यंत व्याजासकट पावणेपाच झालं. महिन्याचा हप्ता सात हजार नऊशे, सात वर्षं. आणि नोकरी लागली ती सांगलीजवळच्या एका टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत, चौदा हजारांवर. अण्णांनी कापडावर खुणा करायच्या खडूनं दुकानाच्या फळीवर वजाबाकी मांडली. सहा हजार शंभर. त्यातून बसचा पास. थोडा वेळ त्याकडे बघून त्यांनी तळहातानं सगळं पुसून टाकलं.

प्रयोगशाळेतली एक खोली कीर्तीला फार आवडायची. तिथं मांडण्यांवर हजारो काचेच्या बाटल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीत नखाएवढी केळीची रोपं. सोळा तास पांढरा उजेड, मग आठ तास अंधार. तिथल्या दिवसाला बाहेरच्या सूर्याशी काही देणंघेणं नव्हतं. ऊन नाही, वारा नाही, तरी एक पान हळूच उलगडायचं. वही घेऊन नोंदी करता करता कीर्ती थांबायची. आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी उभ्या आहोत आणि वर कुठंतरी लांब गाव आहे, दुकान आहे, बँक आहे, असं तिला वाटायचं.

सुरी धरायला तिला शिकवलं ते चंद्राबाईंनी. चौथी शिकलेल्या चंद्राबाई दिवसाला कितीतरी रोपं कापून नव्या बाटलीत लावायच्या, एकही वाकडं नाही. एकदा हसत म्हणाल्या, “पोरी, तुज्या डिग्रीला कर्ज काडावं लागलं. माज्या हाताला न्हाई लागलं बग.”

कीर्तीही हसली. पण ते वाक्य बसमध्ये तिच्या शेजारी बसून घरापर्यंत आलं.

वर्ष गेलं. पुण्याहून मैत्रिणीनं एका कंपनीचं नोकरीचं पत्र पाठवलं. परदेशातल्या रुग्णांचे कागद वाचून त्यांच्या आजारांना ठरलेले सांकेतिक आकडे द्यायचे. पगार सत्तावीस हजार. उत्तर आठ दिवसांत.

त्याच आठवड्यात बाटल्यांमध्ये दुधासारखी साय दिसू लागली. पंचवीस, मग दोनशे, मग चारशे बाटल्या फेकाव्या लागल्या. सगळ्या चंद्राबाईंच्या टेबलावरच्या. मॅनेजर म्हणाले, “हात नीट धुतले जात नाहीत. उद्यापासून कामावर येऊ नका म्हणून सांगा त्यांना.”

“दोन दिवस द्या,” कीर्ती म्हणाली.

तिनं चंद्राबाईंच्या धुतलेल्या हातांचा नमुना एका तबकडीत वाढवला. ज्या मातृझाडांचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, त्या टेबलावर येत होते, त्यांच्या गाभ्याचा रस दुसऱ्या तबकडीत. तिसऱ्या सकाळी हातांची तबकडी स्वच्छ निघाली. रसाच्या तबकडीवर तेच दुधी ठिपके. जंतू हातातून नव्हे, एका शेतातल्या झाडांच्या आतूनच येत होता.

मॅनेजरनी ते मुनवे बंद केले. दुपारी चंद्राबाईंनी डब्यातली अर्धी भाकरी कीर्तीच्या पुढ्यात ठेवली आणि त्या डोळे पुसत उठून गेल्या.

संध्याकाळी कीर्तीनं अण्णांना दोन्ही पगारांचे आकडे सांगितले. पुण्यात खोली आणि मेस वजा जाता आज फार उरत नाही. पण तिथला पगार वाढत जाईल, इथला रांगत.

“तुला काय वाटतंय?” अण्णांनी विचारलं.

“मला इथंच थांबावं वाटतंय. पण तोटा होणार, हे कळून थांबतीय.”

“कळून व्हतोय न्हवं? मग होऊ दे.”

तोटा झाला. या गोष्टीला पाच वर्षं होत आली. कीर्तीचा पगार आता बावीस हजार आहे, पुण्याच्या मैत्रिणीचा पन्नासच्या वर. हप्ता अजून वर्षभर आहे. काही महिन्यांत तिला स्वतःचा राग येतो, विशेषतः दिवाळीत. मग तो जातो.

मागच्या हिवाळ्यात ती पाटणकडे हंबीरराव नावाच्या शेतकऱ्याची बाग बघायला गेली. प्रयोगशाळेतून नेलेली रोपं डोक्याच्या वर गेली होती. पानांतून झिरपणारा हिरवा उजेड तिच्या हातांवर पडला होता आणि आत शिरल्यावर रस्त्याचा आवाजसुद्धा ऐकू येईना. ती चालता चालता कुठल्या सरीत आहे तेच विसरली.

“मॅडम,” हंबीरराव मागून म्हणाले, “आमची मयूरी बारावीला हाय. तुमच्यावानीच शिकायचं म्हणती. पुण्याला घालू का? कर्ज काडायची तयारी हाय माजी.”

कीर्तीनं त्यांना सगळं सांगितलं. फी, व्याज, हप्ता, पहिला पगार, काही न लपवता. “बी.एस्सी. कराडला करू दे. फी कमी असलेलं कॉलेज बघा. कर्ज काढायच्या आधी तिथल्या पास झालेल्या दहा पोरांना पगार विचारा. मी नव्हता विचारला.”

“मग तुमी चुकलासा म्हणायचं?”

“कर्जात चुकले,” कीर्ती म्हणाली. “शिकण्यात न्हाई.”

तेवढ्यात मयूरी बागेतून एक पान घेऊन आली. त्यावर बारीक पिवळे ठिपके होते. “मॅडम, हे कशानं झालं असंल?”

कीर्ती बांधावर बसली, तिलाही शेजारी बसवलं आणि पान उलटं करून दोघी बघू लागल्या.