नानांनी न दिलेला अंगठा

वर्गात मी पोरींचे पाढे घेत होते, तेवढ्यात तारवाला दारात आला. नाना गेले... जळगावहून दोंडाईच्याला पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. माझ्यासाठी सगळे थांबले होते. त्याला आता महिना झाला. रडले नाही असं नाही. पण आज लिहायला बसले आहे ती माझ्या वडिलांचा मला केवढा अभिमान वाटतो, ते सांगायला.

नाना दगडाच्या खदानीत मुकादम होते. वर फोडलेला दगड लोखंडी ट्रॉल्यांत भरून रुळांवरून उतारानं खाली, खडी करायच्या इंजिनापाशी जायचा. भरलेली ट्रॉली उतारावर थांबवायची तर चाकाखाली लाकडी गुटका लावावा लागे. गुटके पार झिजले होते. नाना ठेकेदाराच्या मुनीमजींकडे नवे मागत आणि मुनीमजी ‘उद्या बघू’ म्हणत. मग सगळेच हाताला येईल तो दगड लावत. नानाही. एका सकाळी नानांनी लावलेला दगड निसटला आणि खाली रूळ झाडणाऱ्या सुकदेवकाकांचा उजवा पाय ट्रॉलीखाली सापडला. गुडघ्यापासून कापावा लागला.

चौकशीला सरकारी साहेब येणार होते. मुनीमजींनी कागद आधीच तयार ठेवला... सुकदेव रुळावर झोपला होता म्हणे. चूक त्याचीच ठरली की भरपाई नाही आणि चार लेकरांचं घर उघड्यावर. नानांनी साक्षीचा अंगठा द्यायचा, एवढंच बाकी होतं. दिला असता तर मुकादमी शाबूत राहिली असती. तसे नाना भांडखोर नव्हते. आईपुढे तर ब्रसुद्धा काढत नसत. पण त्या दिवशी साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, “तो झोपेल नव्हता, साहेब. चाकखाले दगड मीच लावेल व्हता. लाकूड मांगी मांगी थकनू, पन दगड मनाच.” दगड माझाच, असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

सुकदेवकाकांना भरपाई मिळाली. नानांची मुकादमी त्याच संध्याकाळी गेली. आई म्हणाली, “आते काय करशात?” नाना म्हणाले, “त्याना पाय गया. मना हात शेतस.” पुढं पंधरा वर्षं आपल्या त्या शाबूत हातांनी त्यांनी स्टेशनावर कापसाच्या गाठी उचलल्या. माझे वडील हमाल आहेत, असं मी शाळेत मोठ्या ऐटीत सांगत असे. नानांना मात्र ही ऐट पटायची नाही. त्या दगडाबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही. सुकदेवकाका समोरून आले, की त्यांची मान आपोआप खाली जाई.

तिरडी उचलायच्या वेळी सुकदेवकाका कुबडी टेकत पुढे आले. तुम्हाला झेपायचं नाही, असं लोक समजावत होते.

“माले खांदा देवाना शे,” एवढंच ते म्हणाले.

एका काखेत कुबडी, दुसऱ्या खांद्यावर नाना. बाकीच्या तिघांनी आपली पावलं आवरली. मी दारातून पाहत होते. जन्मभर तरातरा चालणारे माझे नाना गल्लीच्या टोकापर्यंत सुकदेवकाकांच्या चालीनं गेले, आणि कुणीही घाई केली नाही.