पराटीच्या कानात कुणी काय सांगितलं

कृषी केंद्रात माल खपो न खपो, किस्से रोज जमतात. घाटंजीत माझं दुकान. दारात एक लोखंडी बाक, आणि बाकावर बसणाऱ्याला चहा फुकट. कपाशीच्या त्या वाईट वर्षांत तर बाक रिकामा म्हणून राहत नव्हता. पीक जितकं कमी, तितकी बोलणी जास्त! त्यातल्या एकाच हंगामातले हे चार-पाच किस्से. फजिती माझी आहे, पण गावभर झालीच आहे, तर मीच नीट सांगतो.

*

मी दहावी नापास. पण आमच्याकडे कृषी केंद्रवाला म्हणजे पराटीचा, कपाशीच्या झाडाचा, डॉक्टर. माणूस पिशवीतून पान आणतो, काउंटरवर ठेवतो. आपण चष्मा लावायचा, पान पालथं करायचं, "हं" म्हणायचं आणि तीन बाटल्या काढायच्या. एक किडीची, एक बुरशीची, एक टॉनिकची. तिन्हींतली एखादी तर लागेल!

प्रल्हादभाऊ म्हणजे बाकाचा कायमचा मेंबर. एकदा त्यानं असंच पान आणलं. मी म्हटलं, "भाऊ, बुरशी आहे. सुरुवातच आहे, वाचले तुम्ही."

"पक्कं?"

"वीस वर्षं झाले, हेच करून राह्यलो."

"मंग कसं करता शेठ? हे तं अंबाडीचं पान आहे. काल आम्ही याचीच भाजी खाल्ली!"

बाक हसून हसून हलला. टॉनिक मात्र मी त्याला दिलंच.

*

दुसरं गिऱ्हाईक वेणूबाई. प्रल्हादभाऊच्याच गावची, वावरही त्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. नवरा गेल्यापासून चार एकर एकटी पाहते. त्या वर्षी नातीला यवतमाळला नर्सिंगला घालायचं होतं, आणि ते सगळं त्या चार एकर पराटीवर होतं. हे ती येताजाता सांगायची. बाई कानानं अधू. बारा वर्षांपासून मी तिच्याशी ओरडूनच बोलतो.

एका कंपनीचे साहेब आले होते, गळ्यात टाय, मे महिन्यात! त्यांनी वेणूबाईला गाठलं. नवीन औषध, त्याचे फायदे, एकरी प्रमाण, सोबत छत्री फ्री. अर्धा तास ओरडले. बाई मान हलवत होती. साहेबांचा घसा बसला, तेव्हा तिनं कानामागे हात नेला.

"हं?"

साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. संपल्यावर बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "शेठ, सुतळी आहे का?"

बाईसमोर आम्ही काहीही बोलायचो. एकदा तर तिच्यादेखत मी साहेबांना सांगितलं, "या पोत्यातलं बी जुनं आहे, पण हिले काय समजते!" ती हसली. आणि ते पोतं सोडून दुसरं घेऊन गेली. योगायोग!

*

त्या भादव्यात या दोघांच्या गावात पराटीच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसले. गोल, वर्तुळात वर्तुळ. साहेब भोंग्याची गाडी घेऊन गावात फिरले. "बुरशीचा रोग आला! उभी पराटी उपटा, नाहीतर जमीनही जाईल! रिकाम्या वावरात हरभरा पेरा!"

हरभऱ्याचं बी कुणाकडे, तर माझ्याकडे. साहेबांच्याच कंपनीची पन्नास पोती उतरून घेतली होती. मग मीही काउंटरवरून सांगायला लागलो, "काढा भाऊ, काढा. थांबू नका."

आणि गंमत पाहा. रोग गेला नाही इतका लांब भोंगा गेला. आज एकानं रोटावेटर फिरवला, की उद्या शेजारचा फिरवायचा. प्रल्हादभाऊच्या वावरात पुरते दहा ठिपकेही नव्हते. त्यानं हिरवीगार, बोंडं लागलेली पराटी मातीत घातली.

"काहून काढली भाऊ?"

"सगळे काढून राह्यले नं!"

आठ दिवसांत अख्खं शिवार काळं. मधोमध वेणूबाईचे चार एकर तेवढे हिरवे. तिला भोंगा ऐकूच गेला नव्हता! सरपंच तिच्या दारात ओरडून आले, साहेब ओरडून आले. मीही मोटारसायकलवर गेलो, म्हटलं, "बाई, नातीचं वर्ष वाया जाईल! काढून टाका!"

"हं? चहा घेता?"

*

मग कृषी विद्यापीठातल्या एक मॅडम रोग तपासायला आल्या. त्या गावात आता उभं पीक एकच, म्हणून त्यांनी वेणूबाईचीच पानं तोडली. दुसऱ्या गावातून कपाशीच्या दुसऱ्या जातीची आणली. माझ्या काउंटरवर काचेच्या ताटल्या मांडल्या, देठांना ओला कापूस गुंडाळला आणि बाटलीतल्या पाण्याचा एकेक थेंब प्रत्येक पानावर सोडला.

"यात बुरशी नाही," मॅडम म्हणाल्या. "बुरशी गाळून काढली. यात फक्त तिचं विष आहे."

तिसऱ्या दिवशी ताटल्या उघडल्या. परक्या जातीच्या पानांवर थेंबाखाली तपकिरी भोक. वेणूबाईची पानं जशीच्या तशी हिरवी!

मॅडमनी सांगितलं ते असं. झाडाच्या पेशीत मरायची सोय आधीच केलेली असते. एका पेशीत रोग शिरला, की तिनं स्वतः मरायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं. जिवंत पेशीवर जगणारा रोग त्यानं उपाशी मरतो. पण ही बुरशी मेलेलं खाणारी. ती विषातून नुसती आवई उठवते, पेशी घाबरून आपणच मरते आणि हिची पंगत बसते. "ज्या जातीकडे ती आवई ऐकायला कानच नाही, तिला फारसं काही होत नाही. चार ठिपके पडतात आणि तेवढेच राहतात."

प्रल्हादभाऊ बाकावरून उठला. त्याचं बी आणि वेणूबाईचं बी एकच होतं, माझ्याच दुकानातलं.

"म्हंजे मॅडम, माही पराटी बुरशीनं नव्हती मरत?"

"नाही."

"मंग कोणं मारली?"

मॅडम ताटल्या आवरायला लागल्या. बाकावरचे सगळे मात्र वळून माझ्या हरभऱ्याच्या पोत्यांकडे पाहत राहिले.

त्या दिवशी चहा कुणीच घेतला नाही.

*

दिवाळीनंतर वेणूबाई दुकानात आली. चार एकर वेचून झाले होते, नातीला यवतमाळच्या होस्टेलवर सोडून थेट इकडेच. मला बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. मी काउंटरवरून वाकलो आणि तिच्या कानाशी जोरात ओरडलो, "बाई! तुम्हाले त्या दिवशी भोंगा आयकू नाही आला, म्हणून वाचल्या!"

तिनं कान चोळला.

"कायले बोंबलून राह्यले शेठ? मले सगळं आयकू येते."

मी तसाच वाकलेला राहिलो. बारा वर्षांत तिच्यादेखत काय काय बोललो, ते एकेक आठवायला लागलं. शेवटी हळूच विचारलं, "मंग ते जुन्या बियाचं पोतं...?"

बाईनं सुतळीचा गुंडा पिशवीत टाकला आणि कानामागे हात नेला.

"हं?"